ग्रिडमधला पाऊस आणि बडोद्याचा पाऊस

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही पाहता येईल. तुम्ही बडोद्यात एम.एस्सी. करताय आणि प्रबंधाचा विषय आहे शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीचे पूर आणि अतिवृष्टी. १९०१ पासूनचा रोजचा पाऊस हवा म्हणून तुम्ही भारतीय हवामान खात्याचा ग्रिड डेटा, म्हणजे नकाशा चौकोनांत वाटून प्रत्येक चौकोनाला दिलेला पाऊस, उतरवून घेतलात, आणि ताडून पाहायला युरोपचा ईआरए-५ हा संगणकावर उभा केलेला हवामान-डेटा घेतलात. दोन्हींतून बडोद्याचा चौकोन काढून शेजारी ठेवला, तर रोजचे आकडे जुळेनात. महिन्याच्या बेरजा बऱ्यापैकी जवळ येतात, पण एकेका दिवसाचा मेळ बसत नाही. मार्गदर्शक म्हणतात, एकच काय तो घ्या. म्हणून तुम्ही विचारलंय की या दोघांतला खरा कोणता, आणि तापमानासाठीही तोच वापरावा का.

पंचवीसेक वर्षं मी पाऊस आणि नदीच्या आकड्यांवर काम करतोय, त्यातली बरीचशी इथेच, मध्य गुजरातमधल्या नद्यांवर. त्या अनुभवावरून सांगतो: महिन्याच्या बेरजा जुळतात आणि दिवस जुळत नाहीत, असं दिसलं की पहिला संशय डेटावर घेऊ नका, तारखेवर घ्या.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पर्जन्यमापकातलं पाणी सकाळी साडेआठला मोजतात आणि आदल्या चोवीस तासांचा तो सगळा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. ईआरए-५ मध्ये दर तासाचा आकडा असतो आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. तिथे रात्री बारा ते रात्री बारा अशी बेरीज केलीत, तर तुमचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे साडेपाचला संपतो. मग एकाच पावसाला दोन फायलींत दोन तारखा लागतात.

३१ जुलै २०१९ आठवा. बडोद्यातला कोणीही माणूस तो दिवस विसरणार नाही. चोवीस तासांत सुमारे ५०० मिमी पाऊस, विमानतळ बंद, वस्त्यांमधून पाणी आणि त्या पाण्यात मगरी. लोकांच्या आठवणीत हा ३१ जुलैचा पाऊस आहे. बहुतेक पाऊस त्या सकाळनंतर पडला, म्हणून हवामान खात्याच्या फाईलमध्ये तो १ ऑगस्टच्या रकान्यात असायला हवा. ईआरए-५ ची सरळ बेरीज केली तर तो ३१ जुलैला येतो. आता तुमच्या सहसंबंधाचं, म्हणजे दोन मालिका किती जुळतात त्या मापाचं, काय झालं असेल ते बघा: एका मालिकेत ज्या दिवशी ढगफुटी, त्याच दिवशी दुसरीत मामुली सर. सगळ्यात मोठे दिवसच एकमेकांना चुकवून जातात. माझ्या सुरुवातीच्या काळात एका अहवालासाठी मी आठ दिवस याच गाठीत अडकलो होतो. एक मालिका एका दिवसाने सरकवून पाहिली आणि पाच मिनिटांत चित्र बदललं. तेव्हापासून कुठलेही दोन पाऊस शेजारी ठेवण्याआधी मी कागदावर एकच ओळ लिहितो: याचा दिवस किती वाजता संपतो?

वर्तमानपत्रांतले आकडे वापरणार असाल तर तिथेही हे बघा. राज्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचे तालुकावार आकडे बहुतेकदा सकाळी सहाला संपणाऱ्या दिवसाचे असतात.

दुरुस्ती सोपी आहे. ईआरए-५ मध्ये प्रत्येक तासाचा पाऊस त्या तासाच्या शेवटच्या वेळेवर नोंदलेला असतो. आपले साडेआठ म्हणजे जागतिक वेळेचे तीन. म्हणून १ ऑगस्टचा 'भारतीय' पाऊस हवा असेल, तर ३१ जुलैच्या चार वाजताच्या आकड्यापासून १ ऑगस्टच्या तीन वाजताच्या आकड्यापर्यंतचे चोवीस आकडे मिळवा. हे आकडे मीटरमध्ये असतात, मिलिमीटर हवे तर हजाराने गुणा. एवढं करून पुन्हा सहसंबंध काढा. तो बराच सुधारेल. तरीही आकडे एकसारखे होणार नाहीत, कारण हे दोन डेटा मुळातच दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

हवामान खात्याचा पावसाचा ग्रिड पर्जन्यमापकांवरून केलेला आहे. एकूण ६,९५५ केंद्रांच्या नोंदी घेऊन, जवळच्या केंद्राला जास्त वजन आणि लांबच्याला कमी, अशा पद्धतीने प्रत्येक चौकोनाचा आकडा काढलेला आहे. ईआरए-५ ची गोष्ट वेगळी. त्यात हवेचा दाब, वारे, तापमान, आर्द्रता यांच्या जगभरच्या नोंदी आणि उपग्रहांची निरीक्षणं एका हवामान-प्रतिमानात (संगणकावरच्या मॉडेलमध्ये) घालून १९४० पासूनचं वातावरण पुन्हा उभं केलेलं आहे, आणि पाऊस त्या प्रतिमानातून निघालेला आहे. भारतातल्या पर्जन्यमापकांचे आकडे त्यात घातलेले नसतात. म्हणून पावसाळी प्रणाली कधी आली, कुठून आली, किती पसरली हे ईआरए-५ चांगलं सांगतो. पण बडोद्यावर एका दुपारी किती पाणी कोसळलं हे सांगताना तो बहुधा हात आखडतो. एका शहरावर थांबून राहिलेला ढग त्याच्या चौकोनात मावत नाही.

आता चौकोनाबद्दल. दोन्ही ग्रिड पाव अंशाचे आहेत. बडोदं साधारण २२.३१ उत्तर, ७३.१८ पूर्व, म्हणजे तुमच्या वाट्याला येतो तो २२.२५ आणि ७३.२५ मध्यबिंदूचा चौकोन. आपल्या अक्षांशावर तो दक्षिणोत्तर सुमारे पावणेअठ्ठावीस आणि पूर्व-पश्चिम पावणेसव्वीस किलोमीटर भरतो. क्षेत्रफळ सातशे चौरस किलोमीटरहून जास्त. नकाशावर आखून पाहा. शहर या चौकोनाच्या मध्यावर नाही, पश्चिमेच्या कडेला चिकटलेलं आहे. शहरातल्या दांडिया बाजारात धो धो कोसळत असताना पूर्वेच्या शेतांत नुसती भुरभुर असेल, तर चौकोनाचा आकडा दोन्हींच्या मधला येणार, आणि तो बरोबरच आहे. कारण तो सातशे चौरस किलोमीटरचा आकडा आहे, एका गच्चीवरचा नाही. म्हणून पर्जन्यमापकात ५०० आणि ग्रिडमध्ये त्याहून बरंच कमी दिसलं, तर लगेच 'ग्रिड चुकला' म्हणू नका.

तुमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. शहरावरच्या पावसाने शहर तुंबतं, पण विश्वामित्री चढते ती वरच्या पाण्याने. नदी उगम पावते पावागडावर. तो गड सपाट मुलखातून एकदम साडेसातशे मीटरहून उंच उठलेला आहे. तिथला चौकोन २२.५०, ७३.५० हा. विश्वामित्रीत पाणी सोडणारं आजवा सरोवर तर चार चौकोनांच्या सांध्याजवळ येतं. बडोद्याचा एकच चौकोन घेऊन पुराचं विश्लेषण करणं म्हणजे खालचा नळ बघून वरच्या टाकीचा अंदाज बांधणं. निदान चार चौकोन घ्या: अक्षांश २२.२५ आणि २२.५०, रेखांश ७३.२५ आणि ७३.५०. पाणलोटाची हद्द क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आखा, प्रत्येक चौकोनाचा किती भाग हद्दीत येतो ते मोजा आणि तेवढं वजन देऊन सरासरी काढा. शहरातल्या काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी २६ फुटांच्या धोक्याच्या खुणेवर कधी गेली, या तारखा तुम्हाला मिळतीलच. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३५ फुटांच्या वर गेली होती. त्या तारखांशी शहराच्या चौकोनाचा पाऊस जास्त जुळतो की पाणलोटाची दोन-तीन दिवसांची बेरीज, हे पाहणं हाच प्रबंधातला एक चांगला भाग होईल.

तेव्हा 'खरा कोणता' याचं उत्तर तुम्ही काय विचारताय त्यावर अवलंबून आहे. शतकभराचा पावसाळी पाऊस, कोरडी वर्षं, ओली वर्षं यासाठी हवामान खात्याचा ग्रिड घ्या, त्याला १९०१ पासूनची दैनिक मालिका आहे. एखाद्या पुराच्या दिवशी कमी दाबाचं क्षेत्र कुठून आलं, वारे कसे होते, हवेत बाष्प किती होतं यासाठी ईआरए-५. तुमच्या प्रबंधात दोन्हींना काम आहे. 'एकच घ्या' हा मार्गदर्शकांचा सल्ला मी असा वाचेन की पावसाच्या मोजणीसाठी एकच घ्या. तो योग्यच आहे, आणि तो एक म्हणजे हवामान खात्याचा.

पण त्यातही एक खोच आहे, आणि अतिवृष्टीचा कल काढताना बरेच जण तिथे फसतात. ती ६,९५५ केंद्रं सगळी सगळ्या वर्षी चालू नव्हती. काही मधे सुरू झाली, काही बंद पडली, काहींच्या वह्यांत वर्षंच्या वर्षं कोरी. समजा १९२० च्या सुमारास तुमच्या चौकोनात एकच केंद्र चालू होतं आणि बाकीचे आकडे आजूबाजूच्या लांबच्या केंद्रांवरून आले. अशी सरासरी मोठे आकडे बोथट करते. पुढे कधी चौकोनाच्या आतच नवी केंद्रं आली की शिखरं टोकदार दिसायला लागतात. आलेख म्हणतो अतिवृष्टी वाढली, आणि वाढलेली असते मापकांची संख्या. उलटंही होतं. म्हणून वर्षातला सर्वांत मोठा एक दिवस किंवा १०० मिमीच्या वरचे दिवस यांचा १९०१ पासूनचा कल एका चौकोनावर काढून त्यावर निष्कर्ष बांधू नका. मोठ्या प्रदेशाची मोसमी बेरीज यापुढे बरीच टिकाऊ असते. एका चौकोनाचा कल काढायचाच असेल, तर जवळच्या एखाद्या दीर्घ नोंदीच्या केंद्राचा मूळ डेटा हवामान खात्याच्या पुण्याच्या कार्यालयाकडे अर्ज करून मागवा आणि तोच कल तिथे दिसतो का ते पाहा. दिसला तर निर्धास्त लिहा. नाही दिसला तर तेही लिहा, तेवढंच मोलाचं आहे.

ईआरए-५ लाही हेच लागू. उपग्रह मोठ्या प्रमाणावर आले १९७९ च्या सुमाराला, त्याआधी त्याला मिळणारी माहितीच कमी होती. १९५० आणि २०१० चे आकडे एका ओळीत बसवताना हे लक्षात असू द्या.

बाकीच्या डेटाची नावं तुमच्या कानावर आली असतीलच, त्यांच्याबद्दल थोडक्यात. सीआरयू आणि जीपीसीसी हे जगभराचे ग्रिड मुख्यतः महिन्याच्या अभ्यासासाठी आहेत, पुराला उपयोगाचे नाहीत. सीआरयूमध्ये तर जवळपास केंद्र नसेल तिथे आकडा दीर्घकालीन सरासरीकडे ओढला जातो, त्यामुळे सरळ रेषा दिसली तर तिला हवामान समजू नका. जपानचा अ‍ॅफ्रोडाइट पर्जन्यमापकांवर आधारलेला आणि दैनिक आहे, पडताळणीला उत्तम. उपग्रह आणि पर्जन्यमापक मिळून केलेला चर्प्स १९८१ पासून आहे आणि चौकोन खूप बारीक, ०.०५ अंशाचा. म्हणून तो विद्यार्थ्यांना फार आवडतो. पण त्याचा पाया पाच-पाच दिवसांच्या बेरजा आहेत, त्या मागाहून दिवसांत वाटलेल्या असतात. दुष्काळाला चांगला, एका दिवसाच्या अतिवृष्टीला मी वापरणार नाही. चौकोन बारीक म्हणजे माहिती बारीक, हा समज काढून टाका. २००० नंतरच्या पुरांसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाचा उपग्रही पाऊस हवा असेल तर आयमर्ग पाहा. तासातासाने पाऊस कसा सरकला हे त्यात छान दिसतं.

आता फायली. हवामान खात्याचा ग्रिड पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्षागणिक फाईल अशा रूपात मोफत मिळतो, बायनरी (नुसते आकडे) आणि नेटसीडीएफ (आकड्यांसोबत अक्षांश, रेखांश आणि तारखाही) या दोन्ही प्रकारांत. पायथॉन येत असेल तर आयएमडीलिब नावाचं पॅकेज उतरवण्यापासून वाचण्यापर्यंत सगळं करतं. तरी एक वर्ष तरी हाताने बायनरी वाचून पाहा, असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. फाईलमध्ये दुसरं काही नसतं, एकामागे एक नुसते आकडे. दिवसाला दक्षिणेकडून उत्तरेकडे १२९ ओळी, प्रत्येक ओळीत पश्चिमेकडून पूर्वेकडे १३५ आकडे, एकेक आकडा चार बाइटचा. म्हणजे दिवसाला ६९,६६० बाइट आणि साध्या वर्षाला २,५४,२५,९०० बाइट. लीप वर्षात एका दिवसाची भर. उतरवलेल्या फाईलचा आकार याच्याशी ताडा. जुळला नाही तर ती अर्धवट उतरली आहे, पुढे जाऊच नका. समुद्र आणि देशाबाहेरच्या चौकोनांत −९९९ असतो. तो आधी काढून टाका, नाहीतर सरासरीत मिसळून उणे पाऊस दाखवतो.

ईआरए-५ साठी युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या हवामान डेटा भांडारात मोफत खातं उघडा, त्या डेटाच्या अटी मान्य करा आणि मिळालेली किल्ली (डेटा मागवताना लागणारा सांकेतिक शब्द) आपल्या संगणकावर ठेवा. पूर्ण जग मागू नका. क्षेत्र उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व या क्रमाने द्यायचं असतं: तुमच्यासाठी २३, ७३, २२, ७४ पुरे. एकेक वर्ष किंवा एकेक महिना करून मागा. मोठी मागणी रांगेत अडकून राहते, छोट्या पटापट सुटतात. फाईल उघडल्यावर अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जातात. म्हणून पायथॉनच्या एक्सअ‍ॅरेमध्ये २२ ते २३ असा तुकडा मागितलात तर हाती रिकामं येतं, २३ ते २२ असा मागा. शेवटच्या दोन-तीन महिन्यांचे आकडे तात्पुरते असतात आणि नंतर पक्के होतात. म्हणून फाईल कोणत्या तारखेला उतरवली ते वहीत लिहून ठेवा.

ईआरए-५ लँड हा त्याचाच ०.१ अंशाचा भाऊ. तो घेतलात तर फार जपून. त्यात पाऊस दर तासाचा सुटा नसतो, जागतिक वेळेच्या मध्यरात्रीपासून साचत आलेला असतो. सगळे तास मिळवले तर तेच पाणी पुन्हा पुन्हा मोजलं जातं. एकाने मला बडोद्याचा वर्षाचा पाऊस ११ मीटर दाखवला होता. खरा असतो साधारण ९०० मिमीच्या आसपास. दिवसभर सारखा पाऊस धरून हिशेब केला तर बारा-साडेबारा पट फुगवटा निघतो, आणि त्याच्या आलेखात जवळपास तेवढाच होता. साडेआठचा दिवस इथे असा काढायचा: त्या तारखेचा शून्य वाजताचा आकडा, त्यातून आदल्या तारखेचा तीन वाजताचा वजा, आणि त्यात त्या तारखेचा तीन वाजताचा मिळवायचा.

तापमानाचं लवकर आटपतो. हवामान खात्याचा दैनिक तापमान ग्रिड १९५१ पासून आहे, पण एक अंशाचा. त्यात बडोद्याच्या चौकोनात डभोई, हालोल, पावागड, गोध्रा सगळे एकत्र येतात. शिवाय तिथे नसलेल्या आकड्याची खूण ९९.९ आहे, −९९९ नाही. उष्णतेच्या लाटांच्या प्रादेशिक अभ्यासाला तो चालेल. शहर आणि शेत यांतला फरक मात्र त्यातून निघणार नाही, त्यासाठी वेधशाळेचीच नोंद हवी. ईआरए-५ चं तापमान केल्विनमध्ये असतं, २७३.१५ वजा करा.

इथवरचं थोडक्यात धरा: दिवस साडेआठचा करा, शहराऐवजी पाणलोटाचे चार चौकोन घ्या, मोजणीला हवामान खात्याचा आणि कारणमीमांसेला ईआरए-५, आणि टोकाच्या दिवसांचा कल केंद्राच्या मूळ नोंदीशी ताडल्याशिवाय लिहू नका.

सुरुवात २०१९ च्या पावसाच्या फाईलने करा. शून्यापासून मोजलं तर दिवस २१२, ओळ ६३, स्तंभ २७. हा १ ऑगस्टचा बडोद्याचा चौकोन. तिथे त्या मोसमातला ठळक मोठा आकडा दिसायला हवा, आणि २११ व्या दिवशी त्यामानाने किरकोळ. उलटं दिसलं तर दिवस मोजण्यात एकाची चूक झाली आहे. भलतीकडेच दिसलं तर ओळी आणि स्तंभ उलटे वाचले गेलेत. हा एक आकडा जागेवर सापडला की मग १९०१ ची फाईल उघडा. अडलं तर ओळ, स्तंभ आणि आलेला आकडा लिहून पाठवा, मी माझ्याकडच्या फाईलशी ताडून सांगतो.